जॅझ कंपोजर आणि ती 'रोज रील टाका'वाली यादी

जॅझ लिहिणाऱ्यांनी ऑनलाइन ऑडियन्स कसा वाढवायचा याची एक यादी सध्या जाम फॉरवर्ड होतेय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे, रोज काहीतरी टाकलंच पाहिजे, आधी फेमस गाण्यांची कव्हर्स करा आणि स्वतःच्या ट्यून्स नंतर, सगळं म्युझिक स्ट्रीमिंगवर टाकून मूड प्लेलिस्टमध्ये घुसा, आणि एकदा का लाखभर फॉलोअर्स झाले की बाकी सगळं आपोआप होतं. वाचायला पटते, कारण प्रत्येक मुद्द्यात थोडं थोडं खरं आहेच. पण ही यादी मुळात रील करणाऱ्यांसाठी आहे, वर फक्त जॅझचं लेबल चिकटवलंय. जो माणूस दुसऱ्यांनी वाजवायला संगीत लिहितो त्याचा ऑडियन्स कसा बनतो याचा तिला पत्ताच नाही.

तीन सेकंदांपासून सुरू करू. स्नार्की पपी या अमेरिकन बँडचा 'लिंगस' हा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, बँडचा प्रमुख मायकल लीगची ट्यून, ऑक्टोबर 2013 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला लाइव्ह रेकॉर्ड केलेली, श्रोते हेडफोन लावून बँडच्या अवतीभवतीच बसलेत आणि पीस दहा मिनिटांच्या वर. लोक एकमेकांना ही लिंक पाठवतात ती कोरी हेन्रीच्या कीबोर्ड सोलोसाठी, आणि तो सोलो सुरू होतो चार मिनिटं उलटून गेल्यावर! तोपर्यंत ट्यून शांतपणे आपलं बांधकाम करत असते. यादीच्या हिशोबाने हा व्हिडिओ कधीच पडायला हवा होता.

आता कोणी म्हणेल, त्यांचा बँडच तगडा होता, आमच्याकडे घरात एक पियानो आणि लॅपटॉप. ठीक आहे, मग छोट्या क्लिपचंच बोलू. क्लिप छोटी असायला माझी काही हरकत नाही, पण तिच्यात काय दाखवायचं हे कंपोजरने कंपोजरसारखं ठरवावं ना. समजा तुम्ही पाच सॅक्सोफोनची सोली, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायचा भाग, लिहिलीय. स्क्रीनवर फक्त चार बारचा (तालाच्या चार छोट्या तुकड्यांचा) स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, ठेवा. आधी लीड ऑल्टोची, म्हणजे सगळ्यात वरच्या सॅक्सची, एकटीची लाइन ऐकवा, साधी गोड मेलडी वाटते. मग त्याच्या खाली दुसरा ऑल्टो आणा, एका ठिकाणी तो लीडच्या बरोब्बर अर्ध्या सुराने खाली येऊन घासतो आणि ऐकणारा जरा सावरून बसतो. मग त्याहून खालच्या सुरांचे दोन टेनर, शेवटी सगळ्यात खालचा बॅरिटोन, आणि मघाशी जे घासत होतं ते आता भरलेलं, गरम वाटायला लागतं. तीस-चाळीस सेकंदांचा मामला आहे. कॅमेऱ्याकडे बघून ओरडायची गरज नाही, भुवया उंचावायच्या नाहीत, आणि बघणाऱ्याला कळतं की हे 'लिहिलेलं' आहे, कोणीतरी बसून विचार करून लिहिलंय. एवढं कळलं तरी तो पुढच्या वेळी तुमचं नाव बघून थांबतो.

रोज पोस्ट करा, यावर फार बोलण्यासारखं नाही. बिग बँडचा, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचा, एक चार्ट म्हणजे सतराएक वादकांचे वेगवेगळे लिहिलेले पार्ट्स, तो नीट लिहायलाच कित्येक आठवडे जातात, रोज दाखवणार काय, पेन्सिल? सातत्य लागतं हे मान्य, पण सातत्य म्हणजे रोज असं कुठे लिहिलंय. पियानिस्ट एमेट कोहेनने मार्च 2020 पासून न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या आपल्या अपार्टमेंटमधून लाइव्हस्ट्रीम सुरू केला तो आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. लोकांना तो वार लक्षात राहिला आणि ते येत राहिले.

कव्हर्सचा मुद्दा मात्र त्या यादीतला सगळ्यात दमदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. उदाहरण अर्थातच जेकब कॉलियर या ब्रिटिश संगीतकाराचं देतात. घरच्या खोलीत एकट्याने रेकॉर्ड केलेलं, स्क्रीनवर एकाच वेळी सात-आठ जेकब, स्टीव्ही वंडरच्या गाण्याचं 2013 चं व्हर्जन, आणि पुढे प्रसिद्ध निर्माता क्विन्सी जोन्सपर्यंत गेलं ते. खरं आहे सगळं. पण त्याला 2017 मध्ये जे दोन ग्रॅमी मिळाले ते दोन्ही अरेंजमेंटचे, म्हणजे गाणं नव्याने बांधण्याचे, होते हे कोणी सांगत नाही. म्हणजे गाणं लोकांच्या ओळखीचं होतं, पण लोक थबकले ते त्याच्या हार्मनीपाशी, त्याने लिहिलेल्या भागापाशी. मूळ गाणं जसंच्या तसं वाजवून त्यावर दोन बरे सोलो टाकणारे शेकड्याने आहेत, त्यातला कोण कोण हे आपल्याला आठवतं तरी का?

आणि पैशाचं म्हणाल तर कव्हरवर कंपोजिशनची रॉयल्टी मूळ कंपोजरकडे आणि त्याच्या पब्लिशरकडे जाते. तुम्ही कितीही डोकं लावून रीहार्मनाइझ केलं, म्हणजे चालीखालचे कॉर्ड बदलले, तरी ट्यून तुमची होत नाही, त्या अरेंजमेंटचं नोटेशन विकायचं तर पब्लिशरची परवानगी काढावी लागते. तेव्हा ओळख करून द्यायला एखाद-दुसरं कव्हर जरूर करा, पण 'आधी कव्हर्स, मग स्वतःचं' या क्रमात एक घोळ आहे: दोन वर्षं कव्हर ऐकायला आलेली माणसं तुमची पहिली ओरिजिनल ट्यून आली की स्क्रोल करून पुढे जातात, कारण ती मुळात तुमच्यासाठी आलेलीच नव्हती.

आता स्ट्रीमिंग, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण यादीतला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच आहे.

स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजली जाते. तुमची नऊ मिनिटांची ट्यून कोणी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली तरी एक, आणि दोन मिनिटांचं पार्श्वसंगीत वाजून गेलं तरी एक. हा नियम किती येडा आहे ते वुल्फपेक या बँडने 2014 मध्ये दाखवून दिलं, त्यांनी दहा ट्रॅकचा एक अल्बम टाकला, प्रत्येक ट्रॅक तीस सेकंदांहून जेमतेम मोठा आणि पूर्ण शांत, आवाजच नाही, आणि फॅन्सना सांगितलं रात्री झोपताना लूपवर लावून ठेवा. सुमारे 20,000 डॉलर जमले आणि मग स्पॉटिफायने तो अल्बम काढायला लावला. शांततेलाही त्याच दराने पैसे, म्हणजे मोठ्या फॉर्ममध्ये लिहिणाऱ्याला या व्यवस्थेत काय भाव आहे ते बघा. त्यात 2024 पासून नवीन नियम, मागच्या 12 महिन्यांत 1,000 स्ट्रीम्स झाल्या नाहीत तर त्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. नवीन कंपोजरच्या अल्बममधले आठापैकी पाच-सहा ट्रॅक इथेच गळतात.

हिशोब सरळ आहे. स्ट्रीममागे ठरलेला दर नसतो पण ढोबळ अंदाज एका डॉलरच्या हजार भागांपैकी तीन ते पाच भागांचा धरतात. बँडकॅम्पवर, जिथे कलाकार थेट श्रोत्यांना संगीत विकतात, दहा डॉलरचा डिजिटल अल्बम विकला तर ते 15 टक्के घेतात, वर पेमेंटचा खर्च, हातात आठच्या आसपास. म्हणजे एका माणसाने एकदा अल्बम घेतला की दोनेक हजार स्ट्रीम्स भरून निघाल्या. शिवाय अल्बम घेणाऱ्याला पुढचा अल्बम आल्यावर कळवता येतं. स्ट्रीम करणारा कोण होता हे तुम्हाला जन्मात कळणार नाही.

आणि मूड प्लेलिस्ट? हार्पर्स या अमेरिकन मासिकाने जानेवारी 2025 च्या अंकात स्पॉटिफायच्या आतला एक प्रकार सविस्तर छापला, अशा प्लेलिस्टमध्ये स्वस्तात करून घेतलेलं, भलत्याच नावांनी टाकलेलं संगीत कसं भरलं जातं त्याचा. त्यात जॅझ होतंच, कारण जेवताना, अभ्यास करताना मागे वाजत राहावं म्हणून लोक जे लावतात त्यात जॅझ पहिल्या रांगेत. अशा प्लेलिस्टमध्ये घुसायचं म्हणजे कोणाच्या लक्षातही येणार नाही असं लिहायचं, आणि कोणाच्या लक्षात राहायचं नसेल तर मग ऑडियन्स म्हणजे नक्की कोण?

स्ट्रीमिंगवर काहीच टाकू नका असं मी म्हणत नाही हां. नाव शोधलं तर काहीतरी सापडायला हवं, दोन-तीन ट्रॅक ठेवा. पण बिग बँडसाठी लिहिणाऱ्या मारिया श्नायडरचं उदाहरण डोक्यात असू द्या. तिचा 'कॉन्सर्ट इन द गार्डन' 2004 मध्ये आर्टिस्टशेअर या वेबसाइटवरून, म्हणजे श्रोत्यांनी आधीच भरलेल्या पैशातून निघाला, दुकानांत नव्हताच, फक्त इंटरनेटवर मिळायचा, आणि 2005 मध्ये त्याने ग्रॅमी घेतलं. पैसे भरणाऱ्यांना नुसती सीडी मिळत नव्हती, ट्यून कशी लिहिली जातेय ते बघायला मिळत होतं. पुढे 2020 चा 'डेटा लॉर्ड्स' आला, डेटा गोळा करणाऱ्या बड्या कंपन्यांवरचा, तो तिने स्पॉटिफायवर ठेवलाच नाही आणि त्यालाही दोन ग्रॅमी मिळाले. तुम्ही म्हणाल ती मारिया श्नायडर आहे. हो, पण 2004 मध्ये क्राउडफंडिंग हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता.

राहिला लाखभर फॉलोअर्सचा मुद्दा. पहिलं म्हणजे आकडाच फसवा. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली, क्लिप नुसती सुरू झाली की एक व्ह्यू, ती किती वेळ बघितली याच्याशी संबंध नाही. आकडे वाढले, ऐकणारे होते तेवढेच.

दुसरं, आणि हे यादीत औषधालाही नाही: कंपोजरचा ऑडियन्स दोन प्रकारचा असतो. एक ऐकणारा, एक वाजवणारा. आणि वाजवणारा जास्त मोलाचा, कारण तो तुमची ट्यून स्वतःच्या श्रोत्यांपुढे नेतो. कंपोजर कार्ला ब्लेचं नाव सुरुवातीला असंच झालं, पियानिस्ट पॉल ब्ले आणि क्लॅरिनेट-सॅक्सवाला जिमी जुफ्री तिच्या ट्यून्स वाजवत होते, रेकॉर्ड करत होते. सत्तरच्या दशकात बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या मुलांनी फोटोकॉपी करून विकलेल्या 'रिअल बुक' या जॅझ ट्यून्सच्या बेकायदेशीर पुस्तकात तिच्या आणि बासिस्ट स्टीव्ह स्वॉलोच्या ट्यून्स होत्या आणि कुठल्या कुठल्या जॅम सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या ऐनवेळी जमलेल्या बैठकींत, पोचल्या. ते पुस्तक कायदेशीर व्हायला 2004 उजाडलं, तोपर्यंत कंपोजरच्या हातात काही पडलं नाही ही वेगळी कटकट. आज ते काम तुमची एक पीडीएफ करते, तीही तुमच्या नावाने.

फक्त ती पीडीएफ नीट करा. बहुतेक जण एकच लीड शीट (चाल आणि कॉर्ड लिहिलेलं पान) टाकतात, कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे पियानोच्या सुरांत. टेनर सॅक्सवाला ती उघडतो, त्याच्या वाद्यावर लिहिलेला सूर खाली वाजतो म्हणून त्याला प्रत्येक सूर एक स्वर वर नेऊन वाचायचाय, त्यात तुमचे कॉर्ड आठ बारमध्ये अकरा वेळा बदलतात, तो म्हणतो जाऊदे, दुसरं काहीतरी वाजवू. ट्यून तिथेच मेली. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये बी फ्लॅट (टेनर, ट्रम्पेट), ई फ्लॅट (ऑल्टो, बॅरिटोन) आणि बास क्लेफची (बास, ट्रोम्बोन) कॉपी काढायला पाच मिनिटं लागतात. सगळं एका पानात बसवा, स्टँडवर पान उलटायला लागलं तर जॅममध्ये ती ट्यून कोणी घेणार नाही. वर टेम्पो लिहा, फील (स्विंग की लॅटिन वगैरे) लिहा, सोलोचे चेंजेस (कॉर्ड) हेडपेक्षा, म्हणजे मूळ चालीपेक्षा, सोपे असतील तर वेगळे द्या. सोबत साध्या रेकॉर्डिंगची लिंक, आणि कोपऱ्यात तुमचं नाव आणि ईमेल, कारण पीडीएफ तुमच्या पेजवरून निघाली की कुठे फिरेल सांगता येत नाही. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे ट्यून आधीच रजिस्टर करून ठेवा. आणि खाली एक ओळ टाका: वाजवलीत तर कधी, कुठे ते कळवा. जे कळवतील त्यांची नावं एका फाइलमध्ये ठेवायची आणि पुढची ट्यून तयार झाली की सगळ्यात आधी त्यांना पाठवायची, रील त्यानंतर.