लेमान्सला लेमान्सच म्हणतोय, काका

नमस्कार काका,

तुम्ही नावाच्या जागी 'पिंपरीचा निवृत्त काका' अशी सही केली आहे, म्हणून मीही काकाच म्हणतो. 1967 ची पॉन्टियॅक लेमान्स मी कशी घेतली, त्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. एक, जीटीओला (पॉन्टियॅकचीच, लेमान्सच्या अंगात मोठं इंजिन घातलेली गाडी) 'पहिली मसल कार', म्हणजे बेताच्या अंगाची पण दांडग्या इंजिनाची पहिली गाडी, म्हणणं चूक. दोन, जीटीओचा मी लिहिलेला 335 अश्वशक्तीचा आकडा फुगवलेला. तीन, आणि यावर तुमचा सगळा भर, 'कागद नंतर, पत्रा आधी' हा माझा सल्ला बेजबाबदार आहे, आणि लेमान्सच्या तोंडावर जीटीओची अक्षरं लावून फिरणं ही सरळ बनावटगिरी. चार, असल्या तेलपिऊ गाडीला धड ब्रेक नाहीत आणि या सगळ्या दुसऱ्याच्या आठवणी आहेत, 'परदेशी गेलेल्यांचे चोचले'.

पहिले दोन मुद्दे तुमचे. 1949 ची ओल्ड्समोबिल रॉकेट 88 मी विसरायला नको होती. हलक्या अंगात नवं व्ही-8 इंजिन घालायची युक्ती तिथेच झाली होती. 1955 ची 300 अश्वशक्तीची क्रायस्लर सी-300 आहेच. अश्वशक्तीचंही खरं. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या इंजिन नुसतं स्टँडवर चढवून मोजायच्या. एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. 1972 पासून सगळं लटांबर जोडून मोजायला लागले आणि रातोरात आकडे घसरले. तेव्हा 335 हा आकडा कंपनीच्या जाहिरातीतला होता, चाकांवरचा नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तिसरा.

काका, तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये 31 वर्षं काढली असं लिहिलंय. नंबर जुळले नाहीत की माल परत, ही सवय मी समजू शकतो. पण मी लेमान्स घेण्याआधी एक खरी जीटीओ बघून आलो होतो. ते लेखात लांबेल म्हणून गाळलं आणि तिथेच घोटाळा झाला. आता सांगतो.

ती गाडी माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होती, इथेच मिशिगनमध्ये. 1967 चीच. गाडीचा कारखान्यातला नंबर 242 ने सुरू होणारा, म्हणजे पहिला 2 पॉन्टियॅकचा आणि 42 जीटीओचा. लेमान्स असती तर 237 असता. (ही सोय 1966 पासूनची. 1964 आणि 65 साली जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच, लेमान्सवर घ्यायचं जादा पॅकेज होतं, म्हणून त्या दोन वर्षांच्या गाड्यांचा नंबर तुम्हाला काहीच सांगत नाही.) पॉन्टियॅकच्या जुन्या बिलांच्या नोंदी पीएचएस नावाच्या सेवेकडे पैसे भरून मिळतात, तोही कागद मालकाने समोर ठेवला. इंजिन 400 घन इंचांचं, मूळचंच. लाल रंग असा की भांग पाडून घ्यावा. छताला काळं व्हिनाइल. कागदाच्या बाबतीत तुम्हीसुद्धा 'पास'चा शिक्का मारला असता.

मी खिशात फ्रिजवरचं चुंबक नेलं होतं, फडक्यात गुंडाळून. मागच्या चाकामागे, बंपरकडे जाणाऱ्या पत्र्याच्या खालच्या भागावर ठेवलं, तर घसरून खाली पडलं. परत ठेवलं, परत पडलं. वीतभर वर सरकवलं तेव्हा कुठे चिकटलं. म्हणजे खालची वीतभर सगळी पुट्टी, आपल्याकडचे डेंटिंगवाले जिला लांबी म्हणतात ती. मग डिकी उघडली. तळाला ठिपक्यांचा रंग अगदी ताजा मारलेला. कंपनी डिकीत तसाच रंग द्यायची, त्यामुळे बघणाऱ्याला ते अस्सल वाटतं. पण बोट फिरवलं तर रंगाखाली वेल्डिंगचे गोळे लागले. या गाड्यांची मागची काच ही दुखरी जागा. काचेच्या चौकटीत पाणी साचतं, कोपरा कुजतो आणि तिथून ते थेंब थेंब डिकीत उतरतं. वर व्हिनाइलचं छत असलं तर ओल आत धरून ठेवायला बरंच. शेवटी गाडीखाली झोपलो आणि मागच्या ॲक्सलवर चेसिस जिथे वर वळते तिथे पेचकसाच्या मुठीने ठोकलं. चांगलं लोखंड 'टण' करतं. हे 'थप' म्हणालं. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते त्या वळणात जाऊन बसतं.

मालकाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, हे लक्षात घ्या. नंबर खरा, इंजिन खरं, कागद खरे. गाडी तेवढी कुजलेली. त्या कागदावर ती 1967 साली कारखान्यातून काय म्हणून बाहेर पडली ते होतं. त्यानंतरच्या हिवाळ्यांचा हिशोब त्यावर कुठून असणार?

लेमान्स ॲरिझोनातून आलेली. सीटचं कापड उन्हाने पापडासारखं तडकलेलं, डॅशबोर्डला भेगा, रंग विटलेला. पण चुंबक सगळीकडे चिकटलं. किंमत त्या जीटीओला मागितलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी. इंजिन 326 घन इंचांचं, साधं, दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं. तुम्हाला हे कमअस्सल वाटणार. पण पॉन्टियॅकची 326 आणि 400 ही इंजिनं बाहेरून एकाच मापाची आहेत, एकाच पायांवर बसतात. उद्या 400 बसवायचं मनात आलं तर ते बोल्ट खोलून बोल्ट लावायचं काम आहे, इंजिन उचलायची घोडी भाड्याने मिळते. सडलेली चेसिस आणि मागचे पत्रे कापून बदलायचे असले तर मात्र वर्ष जातं आणि वेल्डिंगवाल्याचं बिल तुमची झोप उडवतं. 'पत्रा आधी' म्हणालो त्याचं कारण एवढंच. शिवाय 326 चं कॉम्प्रेशन कमी, साध्या पेट्रोलवर ते खडखड न करता चालतं. 400 ला पंपावरचं सर्वात महाग पेट्रोल पाजावं लागतं.

तरी तुमच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. गाडी पुढे विकायची म्हणून घेणाराला माझा सल्ला उलटा पडेल. हेमी किंवा राम-एअर असल्या दुर्मिळ इंजिनाची गाडी लाखभर डॉलरला घेणाराने आधी कागदच बघावा. इंजिनावरचे आकडे घासून नवे ठोकणारे महाभाग इथेही आहेत. ज्या सपाट पट्टीवर आकडे असतात तिथे कारखान्यातल्या मशीनचे बारीक समांतर ओरखडे दिसले पाहिजेत; पट्टी आरशासारखी गुळगुळीत असली तर हात जोडून घरी यावं.

बनावटगिरीचं आता. फोटोत जाळीवर जीटीओची अक्षरं दिसतात, ती आधीच्या मालकाने लावली होती. गाडी दाखवताना त्याने पहिल्याच वाक्यात ती लेमान्स असल्याचं सांगितलं, बिलावर आणि आरसीवर लेमान्सच लिहिलंय. ती अक्षरं मी मेमध्ये काढली. जाळीत दोन भोकं राहिली आहेत, ती अजून बुजवलेली नाहीत, नवा फोटो खाली टाकतो. पण काका, एक गंमत बघा. 1964 साली पॉन्टियॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. नियम नव्या मॉडेलला लागू, जादा पॅकेजला नाही, अशी पळवाट पॉन्टियॅकच्या जॉन डिलोरियन आणि मंडळींनी शोधली. लेमान्समध्ये 389 चं इंजिन घालून वर 295 डॉलर लावले आणि नाव दिलं जीटीओ, जे सरळ फेरारीकडून उचललेलं. वरिष्ठांनी पाच हजार गाड्यांपुरती परवानगी दिली होती, पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. म्हणजे पहिली जीटीओ ही मुळात उसन्या नावाची लेमान्सच होती. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकावर आपण किती चिडायचं?

ब्रेकबद्दल बोललात ते शंभर टक्के. चारही चाकांना ड्रम होते, पावसात भिजले की पेडल दाबून वर एक प्रार्थना करावी लागायची. पण मी मुद्दाम 1967 चं मॉडेल शोधलं त्याचं कारणही ब्रेकच. त्या वर्षापासून मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचे, दोन कप्पे झाले, एका बाजूचं ऑइल गळलं तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक राहतात. 66 मध्ये एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. पुढच्या चाकांना डिस्क मी जुलैत बसवून घेतल्या. अस्सलपणा गेला, हो. ॲव्हरेज लिटरला पाचच्या आसपास, त्यावर काय बोलणार? इथल्या हिस्टॉरिक नंबरप्लेटवर गाडी फक्त मेळावे, प्रदर्शनं वगैरेंपुरतीच बाहेर काढता येते, ऑगस्टचा महिना तेवढा मोकळा. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा असते, 1995 पासून. वर्षभराचं पेट्रोल म्हणाल तर माझी रोजची गाडी दोन महिन्यांत जास्त पिते.

राहिल्या 'दुसऱ्याच्या आठवणी'. हे वाक्य लागलं, नाकारत नाही. वुडवर्डवर 1967 साली कोण कोणाशी शर्यत लावत होतं याच्याशी माझा काही संबंध नाही, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिनं बोअर करून द्यायचे. शाळा सुटली की मी तिथे. बोअर झालेल्या सिलिंडरमध्ये ते बोट फिरवून डोळे मिटायचे, आणि मगच मीटर लावायचे. कार्ब्युरेटरचा वास आणि प्लग-पॉइंट घासायचा पॉलिश पेपर ह्या माझ्या आठवणी आहेत, कोणाकडून उसन्या आणलेल्या नाहीत. भारतात असतो तर एखादी पद्मिनी घेतली असती. इथे हिच्यात तो वास मिळाला.

गेल्या महिन्यात इंजिन फुसफुसायला लागलं तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन बॉनेटखाली धरला. पहिला प्रश्न, "टॅपेट सेट केलेस का?" म्हटलं, यात हायड्रॉलिक आहेत, सेट करायचे नसतात. जरा हिरमुसले. मग सीबी पॉइंटवर आले, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ साधणाऱ्या पत्त्यांवर. हे पॉइंट डिस्ट्रिब्युटरमध्ये, प्लगना वीज वाटणाऱ्या डब्यात, असतात. या इंजिनाच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला एक छोटी सरकती खिडकी असते. ती वर करायची, षटकोनी चावी आत घालायची आणि इंजिन चालू ठेवूनच पॉइंटची गॅप कमी-जास्त करायची. मी चावी पाव आटा फिरवली आणि आवाज बसला. बाबा पलीकडून म्हणाले, "आरं, हिला खिडकी हाय की! आमी आपलं टोपण काढून, बंद करून, पत्ती घालून मरत हुतो." मग फोन आईकडे न देता अर्धा तास डिस्ट्रिब्युटर दाखव म्हणून बसले.

शेवटी तुम्ही विचारलंय की गाडी मुळात पळाली किती. मीटर 41 हजार मैल दाखवतं. पण मीटर पाच आकडीच आहे, 99,999 नंतर परत शून्य. विकणारा म्हणाला 41. ब्रेक पेडलचं रबर मात्र एका कोपऱ्यात झिजून खालचं लोखंड दिसतंय आणि ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी इतकी बसलीय की दार उचलून लावावं लागतं. मी एक लाख 41 हजार धरून चाललोय. तुम्ही इन्स्पेक्शनवाले, फोटो पाठवतो, तुमचा अंदाज कळवा.