घरपोच पार्सल घराबाहेर कसं शोधावं

ऑनलाइन खरेदी करणाऱ्या तमाम नाशिककरांनी आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. 'घरपोच'मधलं घर म्हणजे तुमचंच घर, असं कुठेही लिहिलेलं नाही. वीजमीटरचं कपाट, पाण्याच्या पंपाचं झाकण, चपलांचा स्टँड, समोरच्या काकूंची तुळस, सगळं त्यात आलं. (हा लेख ज्या खोक्यापायी लिहावा लागतोय, ते अजून गॅलरीत वाळतंय.)

तेव्हा थोडी पूर्वतयारी.

रो-हाऊसवाल्यांनी, म्हणजे निम्म्या सिडकोने, गेटच्या आत एक जुनी गादी अंथरून ठेवावी. पार्सल वरून येतं. आत काचसामान असेल तर दोन गाद्या.

अपार्टमेंटवाल्यांनी मीटरच्या कपाटाला कुलूप लावू नये, कुरिअरची गैरसोय होते. एखादा सैल जोड तापतोय, त्याला खेटून कोरडा पुठ्ठा आणि थर्माकोल, आणि पुठ्ठ्यात पॉवर बँक. दुधात साखरच. ते कपाट भरलं की आगीच्या पाइपची लाल पेटी आहेच. आग काय रोज लागते?

पावसाळ्यात खोकं वरून उचलू नये. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. जिन्याच्या खिडकीखाली तासभर झड लागली की खळ सुटते, मधला नागमोडी थर बसतो आणि उचलताक्षणी तळ तिथेच राहतो. म्हणून खालून परात सरकवावी. वरची चिकटपट्टी मात्र शाबूत असते, त्यामुळे तक्रार केली की 'पॅकिंग तर व्यवस्थित दिसतंय' असं ऐकायला मिळतं. गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, पूर आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. सोसायटीने पार्किंगच्या खांबावर तशाच खुणा कराव्यात. चपला बुडाल्या, पाकिटं बुडाली, मिक्सर बुडाला.

डस्टबिनशेजारी ठेवलेलं पार्सल घंटागाडीच्या आधी उचलावं. बूट सुक्या कचऱ्यात धरतात.

औषधं मागवत असाल तर थर्मामीटरही मागवा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. सोबतचा जेल पॅक काही तास तग धरतो, तो तुमच्या दाराशी येईपर्यंत बहुतेक थकलेला असतो. मग एप्रिलची दुपार, पारा चाळिशीला टेकलेला आणि पाकीट पत्र्याच्या लेटरबॉक्सवर. खराब झालेलं इन्सुलिन दर वेळी गढूळ दिसतंच असं नाही. चांगलं दिसतं, टोचलं जातं आणि साखर उतरत नाही. यात विनोद कसा करायचा, सुचत नाही. पुढे चला.

आता ओटीपी. फोन येतो, 'ताई, खाली आहे, ओटीपी सांगा, ठेवून देतो.' आणि ताई सांगते! दादाही सांगतो, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, वर 'थँक यू' म्हणून. त्या क्षणी कंपनीच्या दप्तरी माल तुमच्या हातात पडला. पुढचं पाठ आहे. ॲपवर हिरवी बरोबरची खूण. पुरावा म्हणून एक फोटो, त्यात दोन फरश्या आणि कुणाचा तरी अंगठा. चॅटवर 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', मग ४८ तास थांबा, मग 'ओटीपी देऊन डिलिव्हरी झाल्याचं दिसतंय', मग शेजाऱ्यांकडे विचारा, मग वॉचमनला विचारा, मग सीसीटीव्ही तुम्हीच तपासा. म्हणजे माल त्यांचा, पैसे तुमचे आणि तपासही तुमचाच! त्या पोराला पार्सलमागे पैसे मिळतात, पाठीवर गोणीएवढी बॅग, पाथर्डी फाट्यापासून सातपूरपर्यंत फिरायचं, चौथ्या मजल्यावर चढला तर पुढची पाच राहतात. तो टाकूनच जाणार. त्याला तसं पळायला लावणारा एसीत बसलाय, आणि त्याला फोन लागत नाही.

अहो, पण तुम्ही? ओटीपी म्हणजे पोचपावतीवरची सही. कोऱ्या पावतीवर सही करता का कधी? वस्तू हातात येईपर्यंत आकडा द्यायचा नाही. घरी नसाल तर 'उद्या आणा' म्हणा. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या.

आणि न मिळालेलं पार्सल 'डिलिव्हर्ड' दिसलं तर चरफडत बसू नका. त्याच दिवशी ॲपवर लेखी तक्रार करा, स्क्रीनशॉट ठेवा, सोसायटीचं फुटेज त्यावर नवं चढायच्या आत उतरवून घ्या. भिजलेलं असेल तर उचलण्याआधी जागेसकट फोटो, मग उघडतानाचा सलग व्हिडिओ. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाही केलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो, त्यामुळे कंपनीच्या गावी खेटे नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. पण त्यासाठी उठावं लागतं, आणि आपण ग्रुपवर रडका इमोजी टाकून झोपतो.

आणि बी विंगवाल्यांनो, मीटरवरचं ते पाकीट चार दिवस झाले तिथेच आहे. कुणाचं आहे ते बघा आधी.