शाळेचा हिशेब पालकांसमोर का मांडावा

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकपदावर मी बरीच वर्षे काम केले. त्या काळातील एक पालकसभा अजूनही मनातून गेलेली नाही. सभा संपत आली असताना मागच्या रांगेतील एक आई उभी राहिली आणि तिने विचारले, "गेल्या वर्षी दुरुस्तीसाठी पैसे आले होते असे ऐकले, त्यांचे काय झाले?" मी व्यासपीठावरूनच उत्तर दिले, "सर्व खर्च नियमाप्रमाणे झाला आहे आणि त्याचे लेखापरीक्षणही झाले आहे." उत्तर खरे होते, एका पैशाचाही घोळ नव्हता. ती मान हलवून खाली बसली आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत एकाही सभेला आली नाही. तिला माझ्यावर संशय घ्यायचा नव्हता. तिच्या मुलीच्या वर्गाचे छत या पावसाळ्यात गळणार की नाही, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. मी मात्र एखाद्या लेखापरीक्षकाला द्यावे तसे उत्तर एका आईला दिले होते.

शाळा चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पालकांचा आणि समाजाचा सहभाग वाढवा, असे आपल्याला सतत सांगितले जाते आणि आपण मेळावे, स्नेहसंमेलने, स्वच्छतेचे उपक्रम घेऊन त्याचा अहवाल वर पाठवतो. माझे अनुभवांती झालेले मत असे आहे की, शाळेकडे किती पैसा येतो, तो कुठे जातो आणि कशासाठी पुरत नाही, हे ज्या पालकांना माहीत नाही त्यांचा सहभाग हा फक्त उपस्थितीपुरता असतो. सतरंजीवर बसलेली माणसे मोजता येतात, पण ती शाळेच्या कारभारात सामील झाली आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही.

हिशेब उघडा करायला आपण कचरतो, त्यामागे बहुतेक वेळा अप्रामाणिकपणा नसतो. सार्वजनिक शाळेच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग वेतनावर जातो आणि त्यावर मुख्याध्यापकाचे काहीही चालत नाही. उरलेले वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचा पैसा, आधीच वेगवेगळ्या लेखाशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरांत, बांधलेले असते. एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या कामाला वळवता येत नाही आणि अनेकदा ती वर्ष संपत आल्यावर हातात पडते. मग अखर्चित राहून परत जाऊ नये म्हणून घाईने खरेदी होते आणि जे खरोखर हवे होते ते पुढच्या वर्षावर ढकलले जाते. स्वतःच्या निर्णयाने खर्च करता येईल अशी रक्कम इतकी थोडी असते की ती चारचौघांत सांगण्याचीच लाज वाटते. पालकांना यातले काहीच ठाऊक नसते. त्यांच्या दृष्टीने मुख्याध्यापक म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावलेला माणूस, आणि आपल्या मौनामुळे तो समज आणखी पक्का होतो.

हिशेब उघडा केल्याने काय होते, याचे एक ठळक उदाहरण युगांडात मिळते. तेथे सरकारने दर विद्यार्थ्यामागे ठरवलेल्या वेतनेतर अनुदानापैकी १९९१ ते १९९५ या काळात सरासरी केवळ १३ टक्के रक्कम प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचत होती, असे २५० शाळांच्या पाहणीत आढळले. उरलेला पैसा मधल्या स्थानिक कार्यालयांत अडकत होता आणि अनेक शाळांना तर आपल्याला काही मिळायचे आहे याचीच कल्पना नव्हती. त्यानंतर सरकारने प्रत्येक जिल्ह्याला पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांतून छापायला सुरुवात केली आणि शाळांनाही मिळालेली रक्कम दर्शनी भागात लावण्यास सांगितले. २००१ पर्यंत शाळांपर्यंत पोहोचणाऱ्या रकमेचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. त्याच सुमारास इतर सुधारणाही झाल्या होत्या आणि सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देता येणार नाही, असे काही अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. ते मला पटते. तरीही मुद्दा उरतोच. आपल्या शाळेच्या नावे किती रक्कम निघाली हे कळल्याशिवाय कोणीही पालक वा शिक्षक ती कुठे थांबली, असे विचारू शकत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील टेक्सासचे आहे आणि ते मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथे सुरुवात मोडक्या शाळेपासून झाली. सॅन अँटोनियोमधील एजवूड या गरीब वस्तीतल्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्गाबाहेर पडून मोर्चा काढला. त्यांच्या पालकांनी चौकशी केली तेव्हा त्यांच्यापुढे आकडे आले. एजवूडचे लोक शाळांसाठी मालमत्तेच्या दर १०० डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत होते आणि त्यातून प्रत्येक विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उभे राहत होते. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५ डॉलर दराने ३३३ डॉलर जमत होते. जास्त दराने कर भरूनही शाळा गरीबच राहणार, अशी ती रचना होती. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पण लढा चालू राहिला आणि १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने एजवूडच्या नव्या दाव्यात ही निधिव्यवस्था राज्याच्या घटनेशी विसंगत ठरवली. हे आकडे वाचताना मला नेहमी वाटते की, पालकांना रचना समजली म्हणून त्यांचा राग मुख्याध्यापकाच्या खोलीच्या दारात अडून न राहता जिथे निर्णय होतात तिथवर पोहोचला.

नुसता कागद भिंतीवर लावून काम भागते, असे मात्र समजू नये. न्यूझीलंडमध्ये १९९५ पासून शाळांना निधी ठरवण्यासाठी १ ते १० असे क्रमांक दिले जात. ज्या वस्त्यांतून मुले येतात त्यांची सामाजिक-आर्थिक स्थिती दाखवणे, एवढाच त्यांचा अर्थ होता. पालकांनी तो शाळेचा दर्जा मानला, खालच्या क्रमांकाच्या चांगल्या शाळांवर शिक्का बसला आणि अखेर २०२३ मध्ये ती पद्धत बदलण्यात आली. आकडा देणाऱ्याने शेजारी बसून तो समजावून सांगितला पाहिजे, आणि तेही पालकांच्या सोयीच्या वेळी, त्यांच्या भाषेत.

माझ्या शाळेत आम्ही पुढे जे केले ते अगदी साधे होते. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना बोलावून वर्गातल्या फळ्यावर तीन रकाने आखले: मिळालेली रक्कम, ती कोणत्या कामापुरती बांधलेली आहे आणि ज्यावर शाळा स्वतः निर्णय घेऊ शकते ती रक्कम. तिसऱ्या रकान्यातला आकडा पाहून वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. त्या पैशातून वाचनालयासाठी पुस्तके घ्यावीत, असे मी मनाशी ठरवून आलो होतो. एका आजोबांनी हळू आवाजात सांगितले की, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना आतून कडी लागत नाही, म्हणून त्यांची नात दिवसभर पाणी पीत नाही. मी त्या इमारतीत रोज आठ तास असायचो आणि मला हे माहीत नव्हते. त्या वर्षी आधी कड्या आणि दारे बसली. पुस्तके पुढच्या वर्षी आली. छताचा प्रश्न तिसऱ्या रकान्यात मावणारा नव्हता. त्यासाठीचे निवेदन पालकांनीच आकड्यांसह लिहिले आणि ते घेऊन कार्यालयात गेले. पहिले दोन खेटे वाया गेले. तिसऱ्या खेपेला पाहणीसाठी अभियंता आला.

आणखी एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. हिशेब उघडा झाला की कोणीतरी चटकन म्हणते, आपण वर्गणी काढू. चांगल्या मनाने दिलेला पैसा नाकारणे कठीण असते, पण ज्या शाळेचे पालक देऊ शकतात ती सुधारते, ज्या शाळेचे देऊ शकत नाहीत ती मागे पडते, आणि वर बसलेल्यांना वाटू लागते की पैसे दिले नाहीत तरी शाळा चालतातच. शिवाय ज्याने देणगी दिली त्याचा आवाज सभेत मोठा होतो आणि ज्याला देता आली नाही तो पुढच्या वेळी येतच नाही. म्हणून वर्गणीचा विषय आला की मी आधी विचारत असे, हे काम सार्वजनिक निधीतून व्हायला हवे की नाही? हवे असेल तर ती मागणी पहिल्यांदा तिथे लेखी गेली पाहिजे.

ज्यांच्या शाळेचे नवे वर्ष सुरू होत आहे त्यांना माझी विनंती आहे की, खर्च झाल्यानंतरचे विवरण दाखवण्याआधी खर्चाचा आराखडा दाखवा. पैसे संपल्यावर हिशेब पाहणाऱ्या पालकाला फक्त पावत्या तपासता येतात. कडी मोडली आहे, हे त्याने तुम्हाला पैसे हातात असतानाच सांगायला हवे.