चरबी म्हणजे फ्लूपासून संरक्षण? नाही!

‘अंगावर मांस असलं की फ्लू, कोविड सोसायला ताकद मिळते’ असा मेसेज फिरतोय. खरं तर उलटंच आहे. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठपणा हा गंभीर आजाराचा धोका म्हणून ठळकपणे पुढे आला. कोविडमध्येही तेच दिसलं.

उताणं झोपल्यावर पोटाची चरबी श्वासपटलाला (फुप्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्याला) वर ढकलते. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, ऑक्सिजन घसरतो. शिवाय चरबीमुळे शरीरात मंद दाह (आतली सूज) कायम धुमसत असतो.

‘जाड माणसांना लस लागूच पडत नाही’ ही त्याच मेसेजातली दुसरी थाप. लस जरूर घ्या. आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४०च्या पुढे असेल तर ताप येताच डॉक्टरांना गाठा. फ्लूवरचं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडतं.