मीटर चुकतोय म्हणून फॅक्टर बदलण्याआधी: चारकोपच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही रागावला आहात आणि ते रास्त आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचा कांदिवलीला चारकोप इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा आहे, कापड तपासून रोल करायचा. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की काउंटर चुकीचा मीटर दाखवत असेल तर आधी मापाचं चाक (कापडावर टेकून फिरणारं, ज्याच्या फेऱ्यांवरून काउंटर मीटर मोजतो) बघा, मग एक रोल हाताने मोजून काउंटरचा फॅक्टर, म्हणजे चाकाच्या फिरण्याचे मीटर करणारा गुणक, बसवा. यांनी नवं चाक आणलं, तीनदा फॅक्टर बदलला, तरी १०० मीटरचा रोल कधी ९८.५ भरतो, कधी १००.८. पार्टीने रोल परत पाठवले. शेवटी ते लिहितात, "लेख लिहिणं सोपं आहे. दोष ऑपरेटरचाच, आता त्याच्या पगारातून कापतोय. आणि बाजारात एखादा टक्का चालतोच."

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी. "एक रोल मोजून फॅक्टर बसवा" हे मी लिहायला नको होतं. एका रोलवरून चूक किती ते कळतं, चूक कसली ते कळत नाही. दहाच्या दहा रोल मीटरभर कमी भरत असतील तर फॅक्टर बदलून काम होतं. कधी कमी, कधी जास्त येत असेल तर कुठलाही फॅक्टर टाका, फरक राहणारच. उलट ज्या रोलवरून फॅक्टर काढला त्याची चूक पुढच्या सगळ्या रोलांना लागते. तुमच्याकडे तीनदा तेच झालं. लेखातलं ते वाक्य मी आज बदललं आहे.

ऑपरेटरच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटत नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मला अशाच तक्रारीसाठी बोलावलं होतं. मशीन एक, कापड एक, पाळ्या दोन. दिवसपाळीचे रोल शंभराला शंभर, रातपाळीचे एक-दोन मीटर कमी. कोण चुकतंय हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी एक रात्र मशीनशेजारी बसून काढली. तो माणूस मन लावून काम करत होता. कापडात गाठ, तेलाचा डाग, तुटका धागा दिसला की मशीन थांबवायचा, रिव्हर्सचं बटण दाबून हातभर कापड मागे घ्यायचा, दिव्याखाली नीट बघायचा, किनारीला लाल दोरा बांधायचा आणि पुढे चालू करायचा. दिवसपाळीवाला डाग दिसला तर चालत्या मशीनवरच खडू ओढायचा.

एकदा त्याने कापड मागे घेतलं तेव्हा माझी नजर काउंटरवर होती. आकडा ४१.२० होता. कापड मागे सरकत होतं आणि आकडा वाढत होता: ४१.७०. पुन्हा तेवढंच पुढे घेतलं: ४२.२०. कापड होतं तिथेच, काउंटरच्या हिशोबात मात्र एक मीटर वाढला होता. त्या रात्रीचे रोल सकाळी उलगडून मोजले. एक दोरा असलेला रोल साधारण मीटरभर कमी, दोन दोरे असलेला दोन मीटर. जो जितकं नीट तपासेल त्याचा रोल तितका कमी, आणि त्याचा पगारही तितकाच कमी.

कारण काउंटरच्या मागे होतं. चाकाच्या शाफ्टला जोडलेला एन्कोडर चाक फिरलं की ए आणि बी अशा दोन वायरींवर (चॅनेलवर) पल्स, म्हणजे विजेचे ठोके, देतो. दोन्ही सारखेच, पण एक दुसऱ्याच्या किंचित मागे. कुठला आधी येतो यावरून काउंटरला कळतं की कापड पुढे चाललंय की मागे. जुना काउंटर जळाल्यावर कोणीतरी एकाच इनपुटचा स्वस्त काउंटर बसवला होता आणि बी ची पांढरी वायर कापून टेपने गुंडाळून ठेवली होती. एकाच चॅनेलवर दिशा कळत नाही. चाक कुठेही फिरो, आकडा वाढतो. लॅमिंग्टन रोडवरून दोन इनपुटचा काउंटर आणला, पांढरी वायर जोडली, सेटिंगमध्ये ए-बी मोड निवडला. मग तेच करून पाहिलं: ४१.२०, ४०.७०, ४१.२०.

तुमचे जे रोल कमी भरतात त्यांच्या किनारीचे दोरे किंवा स्टिकर आधी मोजा. कमी भरलेला मीटर आणि डागांची संख्या बरोबरीने वाढत असेल तर गुन्हेगार सापडला.

पण १००.८ यातून येत नाही. रोल जास्त भरतो तेव्हा चाक कापडापेक्षा कमी फिरलेलं असतं. एक तर ते घसरतंय: चाक कापडावर दाबणाऱ्या दांड्याची स्प्रिंग सैल आहे, किंवा शिलाईचा जोड आला की चाक उचललं जातं. नाहीतर चाक आणि एन्कोडर जोडणाऱ्या कपलिंगचा छोटा ग्रब स्क्रू सैल आहे आणि मशीन झटक्यात सुरू झालं की एन्कोडरचा शाफ्ट मागे राहतो. यासाठी चाकाच्या शाफ्टवर आणि एन्कोडरच्या शाफ्टवर एकाच ओळीत मार्करने रेघ मारा आणि अर्ध्या तासाने पाहा. रेघा सरकल्या असतील तर स्क्रू सैल आहे. तुमचं चाक नवं असलं तरी तिसरी शक्यता उरतेच. सुती कापडाचं तूस चाकावर बसतं आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत घट्ट चिकटतं. २०० मि.मी. घेराच्या चाकाचा व्यास साधारण ६३.७ मि.मी. असतो. त्यावर सगळीकडून ०.३ मि.मी. थर बसला तर व्यास ०.६ ने वाढतो, म्हणजे सुमारे ०.९ टक्के. काउंटर १०० म्हणतो तेव्हा कापड शंभराच्या वर जवळपास ९४ सें.मी. गेलेलं असतं. नखाने खरवडून बघा. झिजलेल्या चाकाचं उलटं होतं: घेर कमी, फेरे जास्त, रोल आखूड.

आता खात्री कशी करायची ते सांगतो, आणि या वेळी एका रोलवर थांबू नका. न ताणणारं जाड कापड जमिनीवर सपाट पसरा, स्टीलच्या टेपने बरोबर २० मीटरवर खुणा करा. तोच तुकडा न थांबता, न मागे घेता, एकाच वेगात पाच वेळा चालवा. पाचही आकडे एकमेकांशी जुळले, तरच फॅक्टरला हात लावा. मग मुद्दाम थांबत, मागे-पुढे करत चालवा. मग पूर्ण वेगात. फक्त पूर्ण वेगात काउंटर कमी मोजत असेल तर घसरण्याखेरीज काउंटरची मर्यादाही बघावी लागते. फेऱ्याला १००० पल्स देणारा एन्कोडर, २०० मि.मी. घेराचं चाक आणि मिनिटाला ६० मीटर वेग म्हणजे सेकंदाला ५००० पल्स. काउंटरच्या माहितीपत्रकात त्याहून कमी लिहिलं असेल तर तो पल्स गाळणारच. मशीन उभी असताना आकडा आपोआप चढत असेल तर ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) मोटर केबलशेजारून एन्कोडरची वायर गेली आहे का बघा. ती वेगळी काढा, शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या.

तुम्ही लायक्रा किंवा होजियरी चालवत असाल तर आणखी एक. ते ताणाखाली मोजलं जातं आणि सुटल्यावर आकसतं. तिथे चाक खरं बोलत असूनही पार्टीला कापड कमीच भरतं. रोल उलगडून २४ तास मोकळं ठेवा, मग मोजा, आणि गुंडाळतानाचा ताण कमी करा.

"एक टक्का चालतो" हे मला खरंच लागलं. १०० मीटरला एक मीटर म्हणजे सुमारे अर्ध्या शर्टाचं कापड. घेणारा ते विकत घेतो, टेबलावर थर लावतो आणि शेवटचा थर अपुरा पडला की कटिंग मास्तर शिव्या खातो. पैसे मोजून घेतलेलं माप आहे हे. वैध मापनशास्त्र कायदा, २००९ त्यासाठीच आहे.

आणि पगाराचं. नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलं आहे. साकीनाक्याच्या त्या माणसाला ती मिळाली नव्हती. त्याचे दोन महिने पैसे कापले गेले होते आणि वायर जोडल्यावर मालकाने ते परत केले. तुमच्या ऑपरेटरला आज फक्त एवढं विचारा की डाग बघायला तो कापड मागे घेतो का. मग काउंटरचं मागचं झाकण उघडा. पुष्कळ एन्कोडरांत ए काळी आणि बी पांढरी असते, तरी लेबल वाचून खात्री करा. पांढरी वायर कुठे जाते ते बघा आणि पाच वेळचे आकडे इथे लिहा. उरलेलं आपण मिळून शोधू.