माया आहेच, रोजच्या खर्चाचं काय?

2025 च्या जुलैत माधुरी हत्तीण कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातून जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला होता, तरी शिरोळपासून निपाणी-चिकोडीपर्यंत माणसं हळहळत होती. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत लोक चालत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेळगावजवळ भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत तीसहून अधिक काळविटं मेली. घटसर्पानं, गाईगुरांना होणाऱ्या गळासुजीच्या रोगानं. ग्रुपवर दोन दिवस संताप झाला, चौकशीची मागणी झाली, मग कुणीतरी उसाच्या दराचं काढलं आणि काळविटं मागे पडली.

माया खोटी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण आपलं भांडण दरवेळी जनावर कुणाचं, ते नेलं कुणी आणि मारलं कुणी यावर होतं. त्याच्या पायाला काय झालंय, डॉक्टर किती दिवसांनी येतो, त्याचे पैसे कोण देतं, हे विचारायला कुणी पुढे येत नाही. माधुरीच्या पायाच्या जखमा आणि सांधेदुखी हा न्यायालयातला मोठा मुद्दा होता. ग्रुपवर तो जवळजवळ आलाच नाही.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहते आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या एका निसर्ग-संग्रहालयात मदतीला जाते. सांगाडे, दगड, पेंढा भरलेले पक्षी यांच्या जोडीला तिथे थोडे जिवंत प्राणीही आहेत. गाडीची धडक बसून पंख कायमचा गेलेलं घुबड, कुणीतरी हौसेनं पाळून नंतर नकोसं झालेलं कासव. यांना दूत-प्राणी म्हणतात. रानातल्या आपल्या जातभाईंच्या वतीनं ते शाळेच्या मुलांसमोर येतात. असं घुबड कुणालाही ठेवता येत नाही. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली केंद्राचा परवाना लागतो, आणि शिक्षणासाठी परवाना घेतला की मुलांसाठी कार्यक्रम करावेच लागतात.

त्या घुबडाचं रोज वजन होतं, ग्रॅममध्ये. पक्षी आजारपण शेवटपर्यंत लपवतो, पण वजन आधी उतरतं. बसायच्या दांडीला कृत्रिम हिरवळ गुंडाळलेली असते, कारण एकाच गुळगुळीत दांडीवर बसून तळपायाला फोड येतात आणि ते चिघळले तर पक्षी हातचा जातो. कासवाचा दिवा तर मला रोज काहीतरी शिकवतो. त्यातली अतिनील किरणं मिळाली नाहीत तर कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. दिवा डोळ्यांना छान पेटलेला दिसतो, पण ती किरणं कधीच कमी झालेली असतात. म्हणून सहा महिन्यांनी-वर्षानं चांगला दिसणारा दिवा काढून नवा लावतात. देणगीदारांना घुबड दत्तक हवं असतं, म्हणजे त्याच्या नावानं खर्च द्यायचा असतो, दिव्याला पैसे द्यायला कुणी तयार नसतं. त्यामुळे संग्रहालयानं दत्तक योजनेशेजारी गरजेच्या वस्तूंची यादीच लावली आहे : दिवे, गोठवलेले उंदीर, चामडी हातमोजे. शाळकरी पोरं खाऊच्या पैशातून एखादा दिवा देतात.

इथलं सगळं चांगलं, असंही नाही. याच देशात वाघाचे बछडे पैसे घेऊन लोकांच्या मांडीवर देण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला. त्याला रोखणारा कायदा व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला. लोकवर्गणीत देखण्या जनावराचं नशीब उजळतं आणि घोरपडीला कुणी विचारत नाही, हेही इथेच पाहिलं.

तरीही घटसर्पाची बातमी वाचली तेव्हा मला ते वजनाचं टिपण आठवलं. पावसाळ्याआधी गाईम्हशींना घटसर्पाची लस टोचून घ्यायची, हे खानापूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. काळविटाला तसं दावणीला बांधता येत नाही. पकडताना घाबरूनच ते दगावू शकतं. म्हणजे रोजच्या लक्षाला फार महत्त्व येतं. कोण चरत नाही, कुणाचा गळा सुजलाय, कळप सोडून कोण उभं आहे. हा रोग एखाद्या दिवसातही जीव घेतो, म्हणून पहिलं जनावर पडलं की नमुना लगेच प्रयोगशाळेत जायला हवा. त्याला माणसं लागतात, हाकेच्या अंतरावर पशुवैद्य लागतो, पैसे लागतात.

पैसे देण्याची वाट आहे. कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची दत्तक योजना आहे आणि भुतरामहट्टी त्याच प्राधिकरणाकडे आहे. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये एका कन्नड अभिनेत्यानं आवाहन केलं, तेव्हा राज्यभरातून लोकांनी भराभर प्राणी दत्तक घेतले होते.

हे लिहिलं तर चुलतभावाचा फोन आला. "अक्का, ते सरकारचं काम. त्यात कर्नाटक सरकारचं. आपण मराठीत एक दाखला मिळावा म्हणून भांडतोय, आणि तू त्यांना पैसे द्यायला सांगतीस?" त्याचा राग मला परका नाही, त्याच रागात मी वाढले. पण भुतरामहट्टीला शाळेची सहल घेऊन जाणारी पोरं आपलीच आहेत, मराठी शाळेतलीही आणि कन्नड शाळेतलीही. जी काळविटं मेली, ती त्याआधी त्यांनीच जाळीपलीकडून पाहिली होती. आणि पैसे दिले की सरकारची जबाबदारी सुटते हे मला मुळीच मान्य नाही. उलट पावती हातात असली की विचारता येतं : या महिन्यात किती जनावरं आजारी पडली, डॉक्टर कितीदा आले, पाण्याची टाकी कधी धुतली?

बेळगावात गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत. एकेका मंडळानं डॉल्बीच्या खर्चातला थोडा भाग काढून वर्षभरासाठी एक जनावर दत्तक घ्यावं, आणि सिंहाच्या मागे न लागता काळवीट, तरस, कोल्हा यांच्यापासून सुरुवात करावी. महिन्यातून एकदा दोन कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन नोंदवही बघायला मागावी. दाखवली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, कन्नडमध्ये. तो लिहून द्यायला चुलतभाऊ तयार झालाय.