सापडलेलं की रचलेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गणित माणूस रचत नाही, ते त्याला सापडतं, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, बुद्धिबळातला उंट तिरका चालतो हे माणसानं ठरवलं, तसे गणिताचे नियमही माणसानंच ठरवले, मग त्यातून निघणाऱ्या गोष्टींना ‘शोध’ कसं म्हणायचं? दोन, मी ‘शोध’ या शब्दाच्या दोन अर्थांचा सोयीनं वापर केला.

दुसरा आक्षेप मान्य. मराठीत नव्या बेटाचाही शोध लागतो आणि वाफेच्या इंजिनाचाही. तेव्हा इथं मी ‘सापडणं’ आणि ‘रचणं’ एवढेच शब्द वापरतो.

पहिला मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच उदाहरणात आहे. नुसत्या दोन घोड्यांनी एकट्या राजावर मात लादता येत नाही. हे कोणत्या नियमात लिहिलंय? नियम करणाऱ्यांनी ते ठरवलं नव्हतं. खेळ रचला गेला, ही गोष्ट त्यात सापडली.

गणितात हे किती कठोरपणे घडतं ते आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांच्याकडे पाहिल्यावर कळतं. संमिश्र संख्या म्हणजे संख्यांच्या जोड्या. त्यांचा गुणाकार प्रतलावर सुंदर चालतो. हॅमिल्टनना त्रिमितीय अवकाशासाठी तशीच त्रिकुटं, म्हणजे तीन-तीन संख्यांचे गट, हवी होती. १८४३ च्या ऑक्टोबरात त्यांची मुलं रोज सकाळी विचारत, ‘बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का?’ उत्तर ठरलेलं: नाही, अजून बेरीज-वजाबाकीच जमते.

का जमेना? वहीत करून पाहा. १ च्या जोडीला य आणि र ही दोन नवी एककं घ्या, दोघांचा वर्ग −१. त्रिकुटंच पुरेशी असतील, तर य×र = अ + ब·य + क·र असलं पाहिजे, आणि अ, ब, क साध्या वास्तव संख्या. आता दोन्ही बाजूंना डावीकडून य नं गुणा. डावीकडे −र येतं. उजवीकडे य×र ची किंमत पुन्हा घातली की र चा सहगुणक होतो क². म्हणजे क² = −१. वास्तव संख्येचा वर्ग ऋण! तीन ओळींत वाट बंद.

गणित निव्वळ रचना असती, तर हॅमिल्टननी त्रिकुटं रचून टाकली असती. बुद्धी कमी नव्हती, इच्छाही कमी नव्हती. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना त्यांना चौथं एकक सुचलं. त्यासाठी गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच, हा नियम सोडावा लागला. सूत्र त्यांनी तिथल्याच पुलाच्या दगडावर कोरलं. १८७८ मध्ये जर्मन गणिती फ्रोबेनिउस यांची सिद्धता प्रसिद्ध झाली: वास्तव संख्यांवर मोजक्याच एककांनी अशी रचना करायची, गुणाकाराचा साहचर्य नियम (कंस कुठंही घातले तरी उत्तर तेच) पाळायचा आणि भागाकारही हवा, तर मिती, म्हणजे एककांची संख्या, १, २ किंवा ४ च. हा आकडा कुणी निवडलेला नाही. काय हवं ते हॅमिल्टननी ठरवलं, काय मिळेल ते त्यांच्या हातात नव्हतं.

एका ठिकाणी मात्र तुमची बाजू बळकट आहे, आणि मूळ लेखात मी ते टाळलं होतं. नैसर्गिक संख्यांचं अनंत आणि वास्तव संख्यांचं अनंत यांच्या मधल्या आकाराचं अनंत आहे का? कर्ट गोडेल (१९४०) आणि पॉल कोहेन (१९६३) या गणितींच्या कामातून दिसलं की संचसिद्धान्ताची रूढ गृहीतकं परस्परविसंगत नसतील, तर त्यांवरून ‘हो’ही सिद्ध होत नाही आणि ‘नाही’ही. तिथं नवं गृहीतक निवडावं लागतं, आणि निवड माणूस करतो. आत कुठंतरी खरं उत्तर आहेच, असं मला मनापासून वाटतं. पण वाटणं म्हणजे सिद्धता नव्हे.

म्हणून ‘सगळं गणित माणसाआधीच तयार होतं’ हे लेखातलं वाक्य मी आज काढलं आहे. त्रिकुटांबद्दल मात्र हटणार नाही. वरच्या तीन ओळींत कुठं माणसाची निवड शिरली असं वाटलं, तर ती ओळ दाखवा.